अर्धी डॉक्टरीण

"भूक लागली, का नुसती जेवायची वेळ झाली?"

शकूताईनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आदिलाबादकडच्या उटनूर गावी दफ्तरात मी नुकताच रुजू झालो होतो. बसस्टँडमागच्या गल्लीत एका मराठी बाईची खानावळ आहे, एवढं शिपायानं सांगितलं होतं, म्हणून दुपारच्या सुट्टीत शोधत गेलो. पत्र्याचं छप्पर, पुढे शहाबादी फरशीचा ओटा आणि आत एक लांबट खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर. खाली तीन सतरंज्या अंथरलेल्या आणि तिन्हींवर माणसं मुकाट्यानं जेवत बसलेली. दारात चाळिशी उलटलेली, उंच, रुंद हाडाची एक बाई हातात पळी घेऊन उभी होती.

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही कसं राहीन? सकाळी काय खाल्लं?"

"इडली. नाक्यावर."

"ढेकर येऊन राह्यला का तिचा?"

मला विचार करावा लागला. येत होता.

"मंग जा भाऊ, चौकापर्यंत एक चक्कर मारून या. ताट कुठं पळून नाई जात."

आयुष्यात प्रथमच मला कुणी खानावळीच्या दारातून परत पाठवत होतं. राग आला, पण दुसरी जागा ठाऊक नव्हती. उन्हात चक्कर मारून आलो तेव्हा खरंच पोटात खड्डा पडला होता. तिनं मला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारपूस सुरू केली. झोप एका दमात लागते का तुटक तुटक? थंडी जास्त बाधते का ऊन? राग येतो तो उपाशीपोटी, का जेवण झाल्यावर? मग माझा हात हातात घेऊन पंजाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. ती नाडी पाहत असावी असं मला वाटलं, तर म्हणाली, "नाडी नाई पाहत मी. ते पुढच्या वर्षाले होतं. तवर मी कॉलेज सोडलं. हात रखरखीत, बोटं थंड, आन् आल्यापासून पाय हालवून राह्यले. तुमी वारा. पहिल्या सतरंजीवर बसा."

शकूताईच्या खानावळीत माणसांच्या तीन जाती होत्या. वारा, आग आणि पाणी. वात, पित्त, कफ हे शब्द तिला चांगले येत असत, पण ती ते वापरत नसे. म्हणायची, "शब्द मोठा झाला का माणूस मान डोलावते, समजत काई नाई." वाऱ्याची माणसं म्हणजे आमच्यासारखी, किडकिडीत, काळजी करणारी, कधी दोन भाकऱ्या खाणारी तर कधी अर्धीवर हात धुणारी. आगवाले चिडके, भुकेचे पक्के, कपाळाला घाम. पाण्याचे लोक शांत, अंगानं भरलेले, जेवल्यावर भिंतीला टेकून डुलकी काढणारे. पहिली सतरंजी वाऱ्याची, दुसरी आगीची, तिसरी पाण्याची. सतरंजी ठरली की ऋतू बदलेपर्यंत बदलत नसे.

भाजी मात्र सगळ्यांना एकच. फोडणी तीन प्रकारची.

हे कसं जमतं ते एका सुट्टीच्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहिलं. त्या दिवशी दुधी होता. बाजारात तेलुगू माळणीशी भांडून तिनं कोवळे, लवदार दुधी आणले होते. तिकडे दुधीला सोरकाय म्हणतात. नखानं साल टोचायची, नख रुतलं तरच घ्यायचा, माळीण ओरडायची, "डॉक्टरम्मा, सगळ्या सोरकायांना भोकं पाडू नको!" आणि ही तेलुगूतच उत्तर द्यायची की, मग निबर का आणतेस?

मोठ्या पातेल्यात भिजवलेली मुगाची डाळ, वर दुधीच्या फोडी, हळद, आल्याचा कीस आणि बेताचं सैंधव मीठ. पाणी घालायचं ते उकळतं. शिजणाऱ्या भाजीत थंड पाणी घालणं म्हणजे, तिच्या शब्दांत, "पेटलेल्या चुलीच्या तोंडावर थुंकणं." झाकणावरही पाणी ठेवायचं. भाजी अशी साधी, पिवळी, निमूट शिजत असताना ती तीन लोखंडी पळ्या काढायची.

पहिल्या पळीत तिळाचं तेल. त्यात हिंग, जिरं, ओवा आणि लसूण. "वाऱ्याच्या माणसाले ऊब पाह्यजे, तेलाचा हात सैल ठेवाव लागते." दुसऱ्या पळीत तूप. त्यात जिरं, ठेचलेले धणे, बडीशेप, आणि वरून कोथिंबीर नि ओलं खोबरं. मिरची नाही, मोहरीही नाही. "आगीत आग कायले घालता?" तिसऱ्या पळीत तेल दिसेल न दिसेल एवढंच. पण त्यात मोहरी, मेथीचे चार दाणे, कढीपत्ता, कुटलेली मिरी आणि सुंठ. ही फोडणी पडली की शेजारच्या घरातले लोकही शिंकत. पातेल्यातली भाजी तीन भांड्यांत वाटायची, एकेका भांड्यात एकेक पळी ओतायची आणि लगेच झाकण दाबायचं. चव पाहायची असेल तर तळव्यावर थेंबभर रस्सा घ्यायची. पळीला तोंड लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

खोलीत मग तीन वेगवेगळे वास उठायचे आणि भांडणं सुरू व्हायची. आश्रमशाळेतले राठोड सर तिसऱ्या सतरंजीवरचे. त्यांना दुसरीवर जायची फार हौस, कारण तूप तिथं होतं.

"ताई, आजकाल मले लय राग येऊन राह्यला. मी आगीतला झालो वाट्टे."

"कशाचा राग येते सर?"

"तुमी तूप देत नाई त्याचा."

सगळी खोली हसायची. ताई हसायची नाही. सरांच्या ताटात सुंठीची फोडणी घातलेली भाजी वाढून म्हणायची, "चार किलोमीटर शाळेले चालत जा, मंग पाहू."

आमचा मुलूख तिखटाचा. पलीकडे विदर्भ, इकडे तेलंगणा. दोन्हीकडून मिरची येते. नवा माणूस तिचं जेवण पहिल्यांदा जेवला की म्हणायचा, हे दवाखान्यातलं आहे. आठवडा गेला की तोच गप्प व्हायचा. मी स्वतः वर्षानुवर्षं जे करपट ढेकर माझ्या प्रकृतीचेच समजत आलो होतो, ते कधी थांबले हे मला कळलंही नाही. एवढं मात्र खरं की जिभेला वाट पाहायची सवय लागली. दुधीला स्वतःची चव असते, हे मला उटनूरला कळलं.

गावात तिला 'अर्धी डॉक्टरीण' म्हणत. मागून म्हणत, पुढूनही म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट नव्या माणसाला तीच सांगायची, "मी अर्धी डॉक्टरीण. अर्धी आठवते, अर्धी इसरली."

तिचे वडील नार्नूरच्या शाळेत मास्तर. घराण्यातली पहिली शिकलेली पिढी ती त्यांची. त्यांच्या आधीचे सगळे दुसऱ्याच्या शेतात राबलेले. त्यांनी मुलीला नांदेडला आयुर्वेदाच्या कॉलेजात घातलं. जातीतलेच काही म्हणाले, हे पोथीवाल्यांचं शास्त्र, आपल्या पोरीचं तिथं काय काम? ताई हे सांगताना डोळे मिचकावायची. "बाबा म्हणत, बुद्धालेई वैद्य लागला होता. आन् वारा, आग, पाणी काई गल्ली पाहून वाहत नाई." दुसरं वर्ष चालू असताना वडील गेले. त्या धक्क्यानं आई अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ विजय बारावीला होता. आईजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. ताई चार महिन्यांसाठी म्हणून आली आणि आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. विजय डॉक्टर झाला, साधा नव्हे, शहरात शिकलेला, निर्मल गावात स्वतःचा दवाखाना असलेला. ताईनं लग्न केलं नाही. आईला जे अन्न पचेल ते शिजवता शिजवता तिचा हात बसला, आणि आई गेल्यावर त्याच चुलीवर तिनं खानावळ सुरू केली.

हे मला तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, मेथी निवडताना, धणे वाऱ्यावर धरताना. तक्रारीचा सूर कधी नव्हता. फक्त एकदा म्हणाली, "माह्या संगच्या पोरी आता पाट्या लावून बसल्या. मले त्यायचं काई नाई वाटत. पण कवा कवा एखादी गोष्ट आठवता आठवता अडते ना भाऊ, मंग वाटते, पुढचं पान पाह्यलं असतं तर बरं झालं असतं."

म्हणूनच ती औषध कधी द्यायची नाही. काढा नाही, चूर्ण नाही. लोक यायचे, गुडघे दुखतात, पाळी चुकली, पोराला ताप आहे. ती एकच सांगे, "मी जेवण देते. दवा पाह्यजे तर दवाखान्यात." तिचं हे कुंपण पक्कं होतं. तरीही एकदा ते मोडलं, आणि ज्या बाजूनं मोडलं तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

दिगांबरशेठ हा मेन रोडवरचा किराणावाला. पन्नाशीचा, गोल, हसरा, तिसऱ्या सतरंजीचा राजा. बायको माहेरी गेली की तो खानावळीत यायचा, आणि मग बायको आली तरी यायचा बंद झाला नाही. त्याला साखरेचा आजार होता. ताईनं त्याच्यासाठी आठवड्यात कारलं आणि मेथी वाढवली. भात कमी केला, ज्वारीची भाकर दिली. संध्याकाळी चालायला लावलं. शेठ हलका झाला, चेहरा उजळला, आणि तो ताईचा चालताबोलता भोंगाच बनला. दुकानात मीठ घ्यायला आलेल्या बाईलाही सांगे, "शकूताईच्या कारल्यानं साखर पळवली माही!"

ताईनं त्याला एकदा माझ्यासमोर दटावलं होतं. "साखर पळाली का दबली, तुमाले काय ठाऊक? तपासली का?"

"तपासायची काय गरज ताई? अंगच सांगते."

त्यावर ती काहीतरी बोलणार होती, पण चुलीवर काही उतू गेलं आणि ती आत धावली.

पावसाळा सरत आला होता. शेठ काही दिवस आला नाही. मग कळलं, दुकानातच चक्कर येऊन पडला. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पायाला कधीतरी खिळा लागला होता, ती जखम चिघळून पाऊल काळं पडत आलं होतं. साखर भलतीच चढलेली. त्यानं गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या. डॉक्टरनं विचारलं, का बंद केल्या? तर म्हणाला, आमच्या उटनूरची डॉक्टरीण जेवणानं बरं करते. पायाचा अंगठा काढावा लागला.

ही बातमी राठोड सरांनी दुपारच्या पंगतीत सांगितली. ताई वाढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. आम्ही वाट पाहिली, ती आली नाही. मग आपापलं वाढून घेतलं. त्या दिवशी आग, पाणी, वारा सगळं एकाच ताटात मिसळलं आणि कुणालाच चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद होती. ताई पहाटेच्या बसनं आदिलाबादला गेली होती. मी संध्याकाळी दफ्तर सुटल्यावर गेलो तेव्हा ती परतून ओट्यावर बसली होती, पायात चप्पल तशीच.

"भेटले शेठ?"

"भेटले. हसून राह्यले. म्हंते, ताई, गलती माहीच हाय." तिनं चप्पल काढून बाजूला सारली. "त्यायची बायको नाई हसली. ती मले म्हंते, तुमाले गोळीचं काऊन नाई इचारता आलं? रोज भाकर कमी खाल्ली का जास्त ते इचारत होत्या ना?"

मी म्हणालो, "तुम्ही काही गोळ्या बंद करायला सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगतलं. पण कारलं साखरेले चांगलं हाय, असं मीच म्हन्लं होतं. मी बोलली ते अर्धं. त्यायनं आयकलं ते पाव. आन् त्या पावाच्या भरवशावर माणूस चालून राह्यला होता."

शेठच्या बायकोनं विचारलेला प्रश्न बरोबरच होता आणि ते तिला ठाऊक होतं. आत चूल थंड होती. त्या घरात मसाल्याचा वास नसलेली ती पहिलीच संध्याकाळ.

खानावळ बंदच राहिली. गावात दोन तट पडले. काही म्हणत, बरं झालं, अर्धवट विद्येचा बाजार बंद झाला. काही जण माझ्यासारखे नाक्यावरची इडली खाऊन हिच्या दारापर्यंत चक्कर मारायचे आणि परत जायचे. अशात एका रविवारी सकाळी तिच्या दारापुढे पांढरी मोटार उभी दिसली. विजय डॉक्टर आला होता.

मी आणि राठोड सर ओट्यावर होतो, म्हणून आतलं सगळं ऐकू आलं. ऐकू नये असं वाटलं, पण उठवलं नाही.

"मी तुला किती वेळा म्हटलं अक्का, हे बंद कर. निर्मलला चल. वरची खोली रिकामी आहे. इथं लोक तुला डॉक्टरीण म्हणतात आणि तू म्हणवून घेतेस."

"अर्धी म्हंते."

"अर्धी काही नसतं! डॉक्टर असतो नाहीतर नसतो. तू नाहीस."

राठोड सर चपलेकडे पाहत राहिले. विजयचाच आवाज पुन्हा आला, पण आता खाली उतरलेला. "म्हणजे... तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतो. तू तिकडे राहिली असतीस तर तू झालीच असतीस. मला ते काय कळत नाही का?"

"इज्या, बस. मले ते काई काढाचं नाई." ताईचा आवाज स्थिर होता. "मी डॉक्टर नाई, ते मले ठाऊक हाय. म्हनूनच तर तुले बलावलं. तुले काय वाटलं, मी रडाले बलावलं?"

"मग?"

"मशीन आनलं का? साखरेचं आन् बीपीचं? फोनवर सांगतलं होतं."

"गाडीत आहे."

"मंग आन. लोकायले बलावते. जेवढे माह्या इथं जेवतात तेवढे सगळे तपास. कोनाची साखर किती, कोनाले कोनती गोळी चालू हाय, कोन खाते, कोन इसरते. ते झाल्याशिवाय मी चूल पेटवत नाई. तुहं काम तू कर, माहं मी करते. आजपर्यंत मी दोन्ही करू पाह्यलं नाई, पण लोकायनं तसं समजलं. आता समजू देत नाई."

विजय बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आमच्याकडे न बघता तो मोटारीपाशी गेला आणि पेटी काढून आणली.

त्या दिवशी खानावळीत पंगत बसली ती तपासणीची. राठोड सर, दोन तलाठी, आश्रमशाळेचा चौकीदार, मी, सगळे सतरंज्यांवर दंड उघडे टाकून बसलो. विजय पट्टा बांधायचा, ताई शेजारी उभी राहून एकेकाला विचारायची. तपासणीत तीन माणसं अशी निघाली की ज्यांना स्वतःच्या दुखण्याचा पत्ता नव्हता, आणि चौकीदार असा निघाला की तोही शेठसारखाच गोळ्या सोडून बसला होता. ताई त्याच्यासमोर खाली बसली. त्याच्याकडे इतका वेळ नुसती पाहत राहिली की त्यानं दाखवायला आणलेल्या गोळ्यांची पुडी खिशातून काढून एक गोळी आपणहून तोंडात टाकली.

"पाण्याबरोबर घे रे बाबा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग तिनं चूल पेटवली. दोडका होता. त्या दिवशी विजयलाही खाली बसावं लागलं. त्याला टेबलाची सवय, मांडी घालताना कण्हला. ताईनं त्याला आगीच्या सतरंजीवर बसवलं.

"मला तिखट दे," तो म्हणाला.

"बीपीची गोळी खाल्ली का सकाळी?"

तो पेटीत गोळी शोधू लागला. सकाळी रागात घरून निघाला होता, विसरला होता. ताईनं त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि वाढायचं थांबवून उभी राहिली. त्यानं गोळी घेतली. सगळी खोली पाहत होती.

"आधी गोळी, मंग पोळी," राठोड सर हळूच म्हणाले, आणि हशा पिकला. विजयही हसला. पुढे तेच वाक्य खानावळीचा कायदा झालं. ज्याला गोळी असेल त्यानं ती ताईसमोर घ्यायची, तेव्हाच ताट. कुणी घरी घेतली म्हणालं तर ती विश्वास ठेवायची, पण तपासणीला महिन्याकाठी विजय येतो याची आठवण करून द्यायची. आणि तो येत राहिला. येताना पेटी घेऊन यायचा, जाताना धणे-बडीशेपेच्या फोडणीच्या भाजीचा डबा. दोघं फार बोलत नसत. तो मोटारीत बसल्यावर ती खिडकीतून त्याच्या कॉलरवरचा काहीतरी कण झटकायची, जो बहुधा नसायचाच.

दिगांबरशेठ दवाखान्यातून घरी आल्यावर ताई त्याच्या बायकोकडे गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं पाहिलं की नंतर कित्येक आठवडे शेठचा डबा तिच्याकडून जायचा, आणि त्यात काय असावं हे ती आदिलाबादच्या डॉक्टरला फोनवर विचारून ठरवायची. करतानाही जपून. भाकरीचा आकार तोच ठेवायची, मीठ चमच्यानं मोजायची. शेठ काठी टेकत खानावळीत पहिल्यांदा आला, तेव्हा तिनं त्याला हाताला धरून तिसऱ्या सतरंजीवर बसवलं. तो नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला, "ताईच्या जेवणानं वाचलो बाप्पा!"

"दवाखान्यानं वाचले," ती म्हणाली. "जेवणानं उठून बसाले लागले. दोन्ही बराबर सांगत जा."

तेव्हापासून शेठ दुकानात तसंच सांगू लागला. पण तसं सांगण्यात त्याला पहिल्यासारखी मजा येत नाही, अशी त्याची तक्रार होती.

मी उटनूरला पाच-सहा वर्षं काढली. मग आदिलाबादला बदली झाली. निघताना ताईनं निरोपाचं काही केलं नाही. "शहरात गेल्यावर सकाळचं शिळं खाऊ नका," एवढंच म्हणाली, आणि राठोड सरांना ओरडायला आत गेली. ते तुपाच्या भांड्याजवळ सापडले होते. पुढे दोन-तीनदा गेलो तेव्हा भेट झाली. नंतर ऐकलं, गुडघ्यानं साथ सोडली, खानावळ बंद केली, विजयकडे निर्मलला गेली. वरच्या खोलीत राहते, पण स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात आहे म्हणे.

ती मला शेवटची दिसली ती नेरडीगोंड्याला, एका लग्नात. नवरदेव आमच्या दफ्तरातला. मांडव हायवेच्या कडेला, उन्हाची वेळ, पंगती एकामागून एक उठत होत्या. मी आहेर देऊन जेवायला जागा शोधत होतो, तर बायकांच्या पंगतीत शकूताई. केस पूर्ण पांढरे झालेले, गुडघे दुमडत नाहीत म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर, पुढ्यात दुसरी खुर्ची आणि तिच्यावर पत्रावळ. पत्रावळीत भरल्या वांग्याची भाजी होती, आमच्याकडच्या लग्नातली असते तशी, वर बोटभर लालभडक तेल. ती भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खात होती. नाक पुसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खात होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तिला जेवताना कधीच पाहिलं नव्हतं. ती आमच्या नंतर जेवायची, आत, एकटी.

मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं ओळखलं.

"काय पाह्यता भाऊ? बसा की."

"ताई, तुम्ही? हे?"

"हो." तिनं ओलं नाक पदरानं पुसलं. "लग्नाचं जेवन हाय. लोकाच्या मांडवात बसून पथ्य सांगनं म्हंजे त्याच्या लग्नाले नाव ठेवनं." मग जरा जवळ वाकून म्हणाली, "आन् खरं सांगू? लय गोड लागून राह्यली."

"विजयला माहीत आहे?"

"तो त्या पंगतीत हाय. मी त्याच्याकडं पाहत नाई, तो माह्याकडं पाहत नाई."

मी वळून पाहिलं. पलीकडे पुरुषांच्या पंगतीत विजय डॉक्टर खाली मान घालून बसला होता. कपाळावर घाम, पत्रावळ लाल.

एवढ्यात वाढपी बादली घेऊन तिच्यापाशी आला. "आजी, वाढू का अजून?" त्यानं पळी उचलली. पंगतीतल्या बाकीच्या बायका अशा वेळी हात आडवा धरून नको नको म्हणत होत्या. शकूताईनं पत्रावळ दोन्ही हातांनी धरून जरा पुढे केली, आणि म्हणाली, "तेल वरचं दे रे, खालचं नको."